बसण्याच्या रेषा

मी खुर्च्या काढते. हाताने नाही, कॉम्प्युटरवर. सिल्वासाजवळ अथालच्या रस्त्याला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा एक कारखाना आहे, तिथल्या डिझाइनच्या खोलीत बसून मी हे काम करते. 'बसून' हा शब्द लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं. ते का तापतं, तेच सांगते.

आधी कामाबद्दल. खुर्चीची बैठक आणि पाठ मिळून जे एक सलग वळलेलं पान असतं, त्याला आमच्याकडे शेल म्हणतात. खाली लोखंडी पाय, वर हे शेल. ते पान आम्ही थेट काढत नाही. आधी रेषा काढायच्या. मांडीखालची एक, बुडाखालची एक, कमरेपाशी एक, पाठीच्या वरच्या काठाची एक. अशा आडव्या रेषा एकामागे एक हवेत टांगल्यासारख्या ठेवायच्या, मग दोन्ही काठांना आणि मधोमध उभ्या रेषा काढून त्यांना बांधायचं आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, आता यांच्यावरून कापड ताण. क्षणात पृष्ठभाग तयार. याला लॉफ्ट म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण एका रेषेची सुरुवात डावीकडून आणि दुसरीची उजवीकडून झाली असेल, तर ते कापड पिळलेल्या टॉवेलसारखं मुरगळतं. अर्धी खुर्ची काढून उरलेली अर्धी आरशातल्यासारखी उलटवताना रेषा मध्यावर काटकोनात पोचली नाही, तर बसणाऱ्याच्या मणक्याखाली बरोबर मधोमध एक धार येते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे टाकून बघितले की ते तिथे मोडतात, तेव्हा कळतं. मला हे काम आवडतं. रागावलेली असले तरी हे खोटं नाही.

मी मूळची शहाद्याकडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि भावाने सिल्वासाला बोलावून घेतलं. भाऊ इथे धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. टोकरखाड्यात दोन खोल्यांचं घर आहे, तिथे मी, भाऊ आणि वहिनी राहतो. वहिनी माझ्याच कंपनीत पॅकिंगला होती. मी कंपनीच्या पगारावर आणि ती ठेकेदाराच्या माणसांत, म्हणून आमची ओळखपत्रंही वेगळ्या रंगाची. सकाळी आम्ही एकाच रिक्षातून जायचो आणि गेटमधून आत शिरलो की ती डावीकडे वळायची, मी जिना चढायचे. दिवसभर एकमेकींना दिसायचो नाही असं मात्र नाही. डिझाइनच्या खोलीला खालच्या बाजूला मोठी काच आहे आणि त्या काचेतून पॅकिंगचं सगळं टेबल दिसतं.

पॅकिंगला सगळ्या बायकाच. कुणी आमच्या खानदेशातल्या, कुणी बिहारच्या, काही जवळच्या सुरंगी गावाकडून कंपनीच्या टेंपोतून येणाऱ्या. मशीनमधून शेल बाहेर आलं की काठाला प्लॅस्टिकची पातळ झालर राहिलेली असते. ती पात्याने कापायची, शेल पुसायचं, पाय बसवायचे, स्टिकर लावायचा, प्लॅस्टिकची पिशवी चढवून एकावर एक रचायचं. आठ तास, कधी बारा. आणि हे सगळं उभ्याने. दिवसभर खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात उभं राहायचं आणि एकीवरही बसायचं नाही, असा तिथला नियम. मी पहिल्यांदा ते वरून पाहिलं तेव्हा मला वाटलं, चहाची सुट्टी संपली असेल, आत्ताच उठल्या असतील. महिनाभराने वाटणं बंद झालं. माणसाला कशाचीही सवय होते, हे मला फार घाणेरडं वाटतं.

गोष्ट सुरू झाली ती एका नव्या खुर्चीपासून. हॉस्पिटलं, बँका, सरकारी कचेऱ्या इथल्या वाट बघण्याच्या जागांसाठी एका मोठ्या गिऱ्हाइकाला खुर्ची हवी होती. त्यांच्या मुंबईच्या कुणा डिझायनरने कागदावर तीन-चार झोकदार रेषा काढून पाठवल्या. बाजूने अशी दिसेल, समोरून अशी दिसेल. बास. त्यावरून पृष्ठभाग मी काढायचा. मी काढला. दिसायला देखणा झाला. पट्टे कुठेही मोडत नव्हते. नमुना आला, त्यावर बसून पाहिलं तर दहा मिनिटांत मांड्यांखाली रग लागायला लागली. पुढचा काठ टोचत होता. त्या रेषा दिसण्यासाठी काढलेल्या होत्या, बसण्यासाठी नव्हेत.

प्लँटच्या साहेबांनी मला बोलावलं. हे आमच्या कारखान्याचे सर्वेसर्वा. गोड बोलतात, गोड बोलत बोलत नाही म्हणतात.

"मॅडम, कंफर्ट चाहिए. पार्टी को कंफर्ट बेचना है."

मी म्हटलं, "मग मला माणसं बसवून माप घ्यावं लागेल. कागदावरच्या रेषांनी होणार नाही."

"ले लो ना. नीचे इतनी लेडीज है."

हे त्यांचंच वाक्य. मला ते शब्द जसेच्या तसे आठवतात.

गणपती बनवणाऱ्या एकाकडून मी शाडूची माती आणली. लोखंडी ट्रेमध्ये ती थापून सपाट केली, वर पातळ प्लॅस्टिक अंथरलं आणि ट्रे खुर्चीच्या उंचीवर ठेवला. चहाच्या सुट्टीत बायकांना एकेक करून बसवायचं, उठल्यावर मातीत उमटलेल्या खळग्यात आडवी पट्टी धरून त्याची रेषा कागदावर उतरवायची, त्या रेषा कॉम्प्युटरमध्ये मागे ठेवून त्यांच्यावरून स्केच काढायचं, असा बेत होता.

पहिला दिवस नुसता हसण्यात गेला. कुणी पुढे यायलाच तयार नाही. शेवटी वहिनी आली. आपली नणंद करतेय म्हणजे काहीतरी शहाणपणाचंच असेल, असा तिचा बाकीच्यांपुढे तोरा.

"मनं बूड कॉम्प्युटरमा जाई का, ताई?" ती म्हणाली. माझं बूड कॉम्प्युटरमध्ये जाणार का?

"जाईल. आणि तिथून बँकेत जाईल, हॉस्पिटलात जाईल."

"मंग चांगलं माप ल्या. बँकमा माले कोनी वयखत नही." बँकेत तिला कुणी ओळखत नाही, म्हणून.

सगळ्या खो-खो हसल्या. मग एकामागून एक बसायला लागल्या. सुरंगीची एक वयस्क बाई होती, केस पांढरे, अंगाने काटकुळी. ती बसली आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली. माप झालं होतं. मी तिला उठवलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "उठू का?" मी म्हटलं, "बसा अजून, माती ओली आहे." माती ओलीच असते. पण तेवढ्यात पॅकिंगचा सुपरवायझर आला. तिशीचा, अंगावर घट्ट शर्ट, बायकांना नेहमी 'ए बेन' म्हणून हाक मारणारा. त्याने टाळ्या वाजवल्या. "चलो चलो, ए बेन, मॅडम का काम हो गया ना? लाइन पे."

आठवडाभर माप घेणं चाललं. रेषा वर नेल्या, स्क्रीनवर एकावर एक ठेवल्या. बहुतेकींच्या खळग्यांचा आकार दोन्ही बाजूंना साधारण सारखा होता. एकीचा नव्हता. तिची रेषा डावीकडे खोल आणि उजवीकडे उथळ होती, जणू ती बाई एकाच बाजूवर तोलून बसली होती. मला आधी वाटलं ट्रे कलला असेल. नाव पाहिलं. वहिनी.

खुर्चीसाठी ती रेषा निरुपयोगी होती, कारण खुर्ची दोन्ही बाजूंना सारखी लागते. मी ती बाजूला काढली. पण घरी आल्यावर भाकरी थापत उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं, तर ती इथेही डाव्या पायावरच उभी होती. उजव्या पायाची फक्त बोटं फरशीला टेकलेली.

"पाय दाखव," मी म्हटलं.

"काही नही, जरासं दुखस."

"दाखव म्हणते ना."

तिने साडी गुडघ्याच्या वर उचलली. गुडघ्यामागून घोट्यापर्यंत निळ्या-जांभळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगून वेटोळ्या झालेल्या. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट आणि ताणलेली, तिथे खाजवून खाजवून जखमेसारखं झालेलं. त्यावर तिने हळद दाबली होती. आम्ही दोन खोल्यांत राहतो, एकमेकींच्या साड्या वाळत घालतो आणि हा पाय मी आजवर पाहिला नव्हता.

"कधीपासून?"

"कोनले माहीत. उभं ऱ्हाइ ऱ्हाइ व्हस सगळास्ले." उभं राहून राहून सगळ्यांनाच होतं, असं तिचं म्हणणं. "सुरंगीवालीना तर मनापेक्षा खराब शे."

मी तिथेच ओरडायला लागले. कुणावर, ते मलाही कळत नव्हतं. भाऊ आतून आला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "हे बघ, घरातल्या दोघी एकाच कंपनीत. तू काही बोलशील आणि दोघी घरी बसाल. डॉक्टरला दाखवू, शिरांसाठीचे घट्ट मोजे घेऊ. कंपनीत तोंड उघडू नको."

"ती बसेल का घरी? तिला घरी तरी कुठे बसायला मिळतं?"

मी हे बोलत होते तेव्हा वहिनी तव्यावरची भाकर उलटत होती. भावाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. शांत आवाजात बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं, उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसायची सोय द्यावी असं कारखान्यांच्या कायद्यातच आहे. आपण खुर्च्या बनवतो. पॅकिंगवाल्यांना बसायला द्या.

साहेबांनी मान डोलावली. "बिलकुल सही बात है. लेकिन टेबल की हाइट देखी है? टेबल खड़े काम का है. कुर्सी पे बैठेंगे तो हाथ नहीं पहुँचेगा."

"मग उंच पायांचं स्टूल करू. शेल आपलंच, खाली लांब पाय. मी काढून देते."

"मॅडम." ते हसले. "बैठेंगे तो सो जाएँगे. आप अपना स्क्रीन सँभालो, लाइन हम सँभालते हैं. वो वेटिंगवाला मॉडेल कब दे रहे हो?"

मॉडेल मी वेळेवर दिलं. ते माझं सर्वात चांगलं काम आहे, अजूनही. त्या बायकांच्या खळग्यांतून निघालेल्या रेषा बारीक करत करत मी एक सरासरी रेषा काढली, पुढचा काठ खाली वळवला, कमरेपाशी आधार दिला. पृष्ठभाग असा आला की पट्टे पाण्यावरून जावेत तसे वाहत गेले. साचा तयार झाला, पहिला माल निघाला. साहेब बसले, हात पसरून म्हणाले, "वाह." सगळ्यांना पेढे दिले. खाली पॅकिंगलाही दिले. बायकांनी एका हातात पेढा धरला आणि दुसऱ्या हाताने पातं चालवत राहिल्या, हे मी काचेतून पाहिलं.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. काचेतून मला दिसलं की खाली टेबलाच्या एका टोकाला बायका गोळा झाल्यात. मी पळत खाली गेले. वहिनीच्या घोट्याजवळची शीर फुटली होती. मोजा रक्ताने भरला होता, चप्पल भरली होती, फरशीवर तिची पावलं उमटली होती. दुखत नव्हतं म्हणे, म्हणून तिला स्वतःला कळलंच नाही, शेजारणीने खाली पाहिलं तेव्हा कळलं. सुरंगीच्या बाईने ढिगातून एक खुर्ची ओढली होती. पिशवी फाडून वहिनीला त्या खुर्चीवर बसवलं होतं, पाय दुसऱ्या खुर्चीवर वर ठेवला होता आणि आपल्या पदराने घट्ट दाबून धरला होता.

सुपरवायझर तिथेच होता. तो काय म्हणाला ते सांगते. तो म्हणाला, "अरे, वो डिस्पॅच का माल है. उस पे खून लगेगा."

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशीही उचलला नाही. पण मी असं ओरडले की मशीनवरचे ऑपरेटर बाहेर आले. मी म्हटलं, हा माल कुणाचा आहे ठाऊक आहे का तुला? ही जी बैठक आहे ना, ती हिच्या बुडाची आहे. हिच्या, हिच्या आणि हिच्या. मी स्वतः माप घेतलंय. त्यांच्या शरीरावरून काढलेली खुर्ची तुम्ही साऱ्या देशाला विकता आणि त्यांनी टेकलं तर माल खराब होतो? मराठीत ओरडत होते, त्याला किती समजलं देव जाणे. तो मागे सरकला, एवढं खरं.

गाडी आली. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण बाई होती, पट्टी बांधताना रागावूनच बोलत होती, आणि तिचा राग ऐकून मला बरं वाटलं. "यांना उभ्याचं काम बंद," ती म्हणाली. "शिरांचं ऑपरेशन करावं लागेल. त्यानंतरही असं काम नको. एवढे दिवस काय करत होतात तुम्ही घरचे?"

भाऊ औषधांचा कागद घेऊन खिडकीकडे वळला. मी पण.

ठेकेदाराने चार दिवसांनी निरोप पाठवला की वहिनीने आता यायची गरज नाही. उभ्याचं काम जमत नसेल तर दुसरं काम त्याच्याकडे नाही. मी साहेबांकडे गेले तर ते म्हणाले, ती ठेकेदाराची बाई, कंपनीचा संबंध येत नाही. पहिल्यांदाच त्यांनी मला 'बसा' म्हटलं नाही. मी त्यांच्या टेबलापुढे उभी होते आणि अचानक माझ्या लक्षात आलं की मी काय करू शकते.

मी वर गेले. माझी खुर्ची, चाकांची, गुबगुबीत, ढकलत दाराबाहेर नेऊन ठेवली. कोपऱ्यात प्रिंटरचे रिकामे खोके होते, ते टेबलावर रचले, त्यावर मॉनिटर ठेवला, कीबोर्ड ठेवला आणि उभ्याने कामाला लागले. खोलीत माझ्याशिवाय दोघे डिझायनर. एकाने विचारलं, "पाठ दुखते का मॅडम?"

"नाही. खालच्या बायकांना स्टूल मिळेपर्यंत मी बसणार नाही."

तो हसला. मग त्याला कळलं की मी गंमत करत नाहीये, तेव्हा हसायचा थांबला.

काच होती म्हणून बरं. खालच्या बायकांना मी वर उभी दिसत होते. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बघत होत्या. संध्याकाळी गेटवर बिहारची एक जण मला म्हणाली, "दीदी, आप क्यूँ खड़ी हैं? आपका तो बैठने का काम है." मी म्हटलं, "तुमचं पण बसायचंच काम आहे, कुणीतरी टेबल उंच केलंय." तिने मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

उभ्याने रेषा काढणं किती अवघड आहे हे मला पहिल्यांदा कळलं. दुपारनंतर पायांच्या तळव्यांत गोळे यायचे. मग टाचा, मग कंबर. एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहायचं. लक्ष लागायचं नाही. त्याच गिऱ्हाइकाला आता खुर्चीला आर्मरेस्टही हवे होते. एकदा मी चार रेषांतून त्या हाताच्या आधाराचा पृष्ठभाग ओढला, तर तो पुरता मुरगळला, आणि कुठल्या रेषेची सुरुवात चुकली ते शोधायला मला अर्धा दिवस लागला. एरवी पाच मिनिटांचं काम. मला त्या दिवशी रडू आलं, पायांमुळे नाही, चिडून. आम्ही वर कुशन लावून बसायचो आणि खालच्यांच्या हातून एखादी झालर वाकडी कापली गेली की रिजेक्शनचा आकडा बघून नाकं मुरडायचो.

घरी वहिनी पाय उशीवर ठेवून पडलेली असायची. मी माझे पाय तिच्याशेजारी भिंतीला टेकवून वर करायचे.

"तुम्ही काबरं भांडतस, ताई? मनी नोकरी तर गई."

"तुझ्यासाठी नाही भांडत."

"मंग कोनासाठी?"

मी पाय भिंतीवर अजून थोडे वर सरकवले. म्हटलं, "माझं डोकं शांत होत नाही म्हणून."

"ते तर लहानपणपासून नही व्हत," ती म्हणाली. माझ्या लहानपणी ती आमच्या घरात आलीही नव्हती. भावाने सांगितलेलं असणार.

साहेबांनी आधी दुर्लक्ष केलं. मग एचआरच्या बाईंना पाठवलं. त्या समजुतीने बोलल्या, तब्येत सांभाळा म्हणाल्या, माझी खुर्ची आत आणून ठेवली. मी ती परत बाहेर नेली. मग साहेब स्वतः आले.

"ये ड्रामा कितने दिन?"

"आपण सांगा, सर."

"आपको निकाल सकता हूँ."

"काढा. हाताच्या आधाराचं मॉडेल अर्धं झालंय. दुसऱ्या कुणाला द्या."

त्यांनी दुसऱ्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी स्क्रीनमध्ये डोकं घातलं. ते मॉडेल घ्यायची दोघांचीही तयारी नव्हती, आणि त्यातल्या एकाने तर मुद्दाम घेतलं नाही, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर गिऱ्हाइकाची माणसं आली. हाताच्या आधाराचं काम बघायला साहेब त्यांना आमच्या खोलीत घेऊन आले. मला वाटतं, मी उभी असते हे ते घाईत विसरले. आलेल्यांत एक बाई होत्या, खरेदीच्या प्रमुख. त्यांनी मॉडेल पाहिलं, फिरवून घेतलं, प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "तुम्ही उभ्याने का काम करता? डॉक्टरांनी सांगितलंय?"

मराठीतच विचारलं. साहेब मध्ये काही बोलणार होते, त्याआधी मी सांगून टाकलं. भाषण केलं नाही. एवढंच म्हटलं की तुम्ही घेता त्या खुर्चीचं माप या खाली दिसणाऱ्या बायकांवरून घेतलंय, आणि त्यांना आठ-बारा तासांत एकदाही बसायला मिळत नाही. एकीची शीर फुटली. ती माझी वहिनी. त्यांना बसायला मिळेपर्यंत मी बसणार नाही.

बाई काचेपाशी गेल्या. खालचं टेबल पाहिलं. मग साहेबांना इंग्रजीत काहीतरी हळू विचारलं. साहेबांनी घसा खाकरून सांगितलं की स्टूलचं काम चालूच आहे, डिझाइन मॅडमच करतायत.

खोटं होतं. पण मी ते पकडून ठेवलं. ते लोक गेटबाहेर पडले आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "स्टूलचं डिझाइन संध्याकाळपर्यंत देते."

शेल तेच घेतलं. रंगात डाग आल्याने बाद झालेली शेलं गोदामात पडून होती. खाली लांब लोखंडी पाय आणि पाय टेकवायला आडवी दांडी. मेंटेनन्सच्या फिटरने दोन दिवसांत वेल्डिंग करून पहिलं स्टूल दिलं. मी त्यावर सुरंगीच्या बाईला बसवलं. तिने हात लांब करून टेबलावरची खुर्ची ओढली, झालर कापली, पुसली, पुढे सरकवली. पुन्हा एक ओढली. हात पोचत होता.

"पोचतो," ती म्हणाली. एवढंच.

सगळ्यांना पुरतील एवढी स्टुलं झाली, त्या दिवशी मी माझी खुर्ची आत घेतली.

आता हे सगळं गोड झालं असं वाटेल. झालं नाही. रिसेप्शनच्या भिंतीवर एक फोटो लागला आहे, त्यात साहेब स्टूलवर हात ठेवून उभे आहेत, खाली कामगारांच्या कल्याणासाठी त्यांनी सुरू केलेल्या उपक्रमाबद्दल चार ओळी आहेत. मी रोज त्याच्यासमोरून जिना चढते. वहिनीला परत घेतलं नाही. तिचं ऑपरेशन झालं, पाय बराच बरा आहे, घरी ब्लाउज शिवते. शिवणाचं तिला आवडतं की नाही हे तिला कुणी विचारलेलं नाही, मीही नाही. भाऊ आता भाकरी कधीमधी करतो. जाड करतो, करपवतो, पण करतो. आणि त्या स्टूलवर, जे तिच्यामुळे आलं, त्यावर ती एकदाही बसलेली नाही, कारण गेटच्या आत जायचं ओळखपत्र तिच्याकडे नाही.

लोक मला म्हणतात, झालं ना तुझ्या मनासारखं, आता सोड. मी नाही सोडत. गेल्या महिन्यात लाइनचं टार्गेट वाढवलं. कारण काय, तर आता बायका बसून काम करतात, म्हणजे थकत नाहीत, म्हणजे जास्त माल काढू शकतात. बसण्याचीही वसुली. हे ऐकल्यावर मी इतकी तापले की स्क्रीनवर काय उघडलं होतं ते न साठवताच उठून गेले.

त्या टार्गेटसाठी काल पुन्हा साहेबांच्या केबिनमध्ये होते. या वेळी एकटी नव्हते. बिहारची ती बाई आणि आमच्या खानदेशातली एक जण माझ्यासोबत होत्या. साहेबांनी मला बसायला सांगितलं. समोर दोन खुर्च्या होत्या. मी दोघींना म्हटलं, "तुम्ही बसा, बोलायचं तुम्हालाच आहे." त्या आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग बसल्या. साहेबांच्या कपाळावर आठी आली. बिहारच्या बाईने पदर सावरला आणि बोलायला सुरुवात केली.